प्यूटर या मिश्रधातूची जुनी दौत काळी पडली आहे. चिंचेने घासू का? झाकणाची बिजागरी कुठे जोडून मिळेल?

चिंच लावू नका. लिंबू, राख, रांगोळी, काहीच नको. कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ फडकं, आणि लगेच कोरडी करा. तो काळपट राखाडी रंग यायला पिढ्या जातात; घासून घालवलात तर जाणकार गिऱ्हाईक हातही लावणार नाही.

आता बिजागरी. माझ्या आजोबांकडे अशीच एक इंग्रजी दौत होती. जहाजाचा नांगर ओढायचा रहाट असतो ना, कॅपस्टन, त्या आकाराची: पसरट बूड, कडेला पिसाचे टाक खोचायला भोकं, आत चिनीमातीची वाटी. ती वाटी शोभेची नव्हे. तिकडची शाई मायफळ आणि हिराकशीची, आम्लधर्मी, धातू खाणारी. आपली काजळाची शाई बिचारी पितळेच्या दौतीतही सुखाने राहायची.

तिची बिजागरी तुटली. मी म्हणाले, राहू दे तशीच. दादा म्हणाला, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि दारात कल्हईवाला बसला होता, त्याच्याकडे घेऊन गेला. अहो, कल्हई म्हणजे कथील, आणि प्यूटरही मुख्यतः कथीलच! शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. शिसं मिसळलेलं जुनं प्यूटर त्याच्याही आधी. कल्हईवाला नको म्हणत होता, हे मुद्दाम सांगते. दादाच म्हणाला, "ठेवा हो, काही होत नाही." भाता चार वेळा हलला आणि दौत तुपासारखी खाली बसली. निखाऱ्यांतून चिमट्याने वाटी तेवढी निघाली.

दादाचं अजून तेच पालुपद: "माल नकली होता, अस्सल विलायती वस्तू अशी पाघळते का?" अस्सल होती म्हणूनच पाघळली. पितळेवर मुलामा दिलेली नक्कल असती तर त्या आचेवर तिला काही झालं नसतं. हे उत्तर त्याला पाठवणार आहे.

तेव्हा जोडकाम प्यूटर हाताळलेल्या माणसाकडूनच, नाहीतर तुटकी राहू द्या. मात्र तळाशी ईपीबीएम अशी अक्षरं असतील तर तो चांदीचा मुलामा दिलेला ब्रिटानिया धातू, म्हणजे कथलाचाच एक मिश्रधातू. मी वर म्हटलेला जुना रंग त्याला लागू नाही, पण घासाल तर मुलामा जाईल. आणि हो, जुन्या प्यूटरमध्ये शिसं असू शकतं, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

वाटी माझ्या टेबलावर आहे. दादाने दोनदा मागितली, मी दिली नाही.