रियाधच्या बाजारातली सदू पट्टी हातमागाची की नकली, हे कसं ओळखायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: रियाधच्या सूक अल-झल या बाजारात ‘सदू’ म्हणून मिळणाऱ्या पट्ट्यांतली खरी कोणती, आणि आजच्या सौदी कलेत या विणकामाचं काय उरलंय. (आपल्याकडच्या सदाशिवाच्या सदूशी याचा संबंध नाही. हे बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरब टोळ्यांमधल्या, बायकांचं लोकरीचं विणकाम.)

पट्टी हातात आली की मी आधी ती उलटी करतो. उलट बाजू कोरी किंवा फिकट असेल तर ती छापील आहे, विषय संपला. रंग दोन्हीकडे दिसत असेल तर रंगीत धागा कुठल्या दिशेने जातो ते पाहा. सदूत नक्षी ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची असते: रंगीत धागे पट्टीच्या लांबीने धावतात आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, त्यांच्याखाली पूर्ण झाकलेला असतो. सगळी नक्षी आडव्या धाग्याची असेल तर ती सदू नाही असं समजा.

हे असं का, ते मागावरून कळतं. माग जमिनीवर आडवा असतो: चार खुंट्या, दोन दांडे आणि दगडांवर किंवा डब्यांवर टेकवलेली एकच वही (ताण्याचे धागे उचलणारी, दोऱ्याच्या फासांची काठी). धागे ठरावीक अंतरावर धरणारी फणी नाहीच. त्यामुळे रुंदी हातानेच सांभाळावी लागते. बाणा जास्त ओढला की कडा आत येतात आणि पट्टी मध्येच कंबर आवळल्यासारखी दिसते. थोडीशी अशी चूक हातकामाची खूणच आहे, पण फार असेल तर घेऊ नका. बाणा लाकडी पट्टीने ठोकतात, आणि धागे उचलायला-दाबायला हरणाचं शिंग वापरतात.

लोकर चातीवर (हाताने फिरवायच्या काठीवर) कातून दोन धागे एकत्र पिळतात, आणि पीळ घट्टच लागतो. ताण्याचे धागे इतके दाट असतात की सैल, केसाळ सूत एकमेकांना चिकटतं, मग धोट्यासाठी (बाणा आरपार नेणाऱ्या काठीसाठी) वाट उघडत नाही आणि ओढाताणीत धागा तुटतो. घोंगडीची लोकर हाताळलेल्याला खऱ्या सदूचा हा कडकपणा लगेच जाणवेल. मऊ, गुबगुबीत पट्टी बहुधा अॅक्रिलिकची. कडेचा एक धागा जाळून पाहा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरडते, अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

सगळ्यात अवघड भाग मधल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्याचा, त्याला ‘शजरा’ म्हणजे झाड म्हणतात. तिथे प्रत्येक जागी एक काळा आणि एक पांढरा धागा असतो. वर कुठला घ्यायचा हे विणणारी बोटांनी निवडते, दर ओळीला, समोर कागद नसताना. उरलेला धागा मागे मोकळा लोंबतो. म्हणून खऱ्या शजऱ्याच्या उलट बाजूला हे मोकळे धागे दिसायलाच हवेत. ते लांब झाले तर कशाततरी अडकून तुटतात, म्हणून आकृत्या लहान, पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. गुळगुळीत वळणाचं फूल ‘पारंपरिक सदू’ म्हणून दाखवलं तर सरळ पुढच्या दुकानात जा.

बेदुइनांच्या तंबूचं छत मात्र नक्षीशिवाय, मुख्यतः बकरीच्या केसांचं. ते भिजलं की फुगून विण घट्ट होते, सुकलं की सैल पडून हवा खेळते.

आता आजचं. सौदी आणि कुवेतची सदू कला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. त्याच वर्षी रियाधच्या जी-20 परिषदेचं बोधचिन्हही सदूवरून बेतलं होतं. पण बोधचिन्हात, पिशव्यांवर, फोनच्या कव्हरांवर जातं ते फक्त रेषांचं चित्र, विणीची अडचण मागेच राहते. माझ्या मते म्हणूनच ते चपटं वाटतं. नवी सौदी कला बघायची असेल तर सौदीतल्या अल-उलाच्या वाळवंटात भरणारं डेझर्ट एक्स हे कलाप्रदर्शन गाठा. त्याच्या 2020 च्या पहिल्या आवृत्तीत सौदी कलाकार मनाल अल-दोवायान यांनी वाळूत गोल ट्रॅम्पोलिन बसवून पाण्याची डबकी सुचवली होती. ती जुन्या नक्षीची नक्कल नव्हती, वाळवंटातल्या पाण्याच्या टंचाईवरचं काम होतं.

पट्टी घेतलीच तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने लाल भाग चोळून बघा. रंग उतरला तर ती कधीच धुऊ नका, उन्हात झटका. आणि कपाटात दुमडून ठेवताना कडुनिंबाचा पाला घाला, लोकरीला कसर लवकर लागते.