थंडीत कोंबड्यांची शेड किती झाकावी?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमच्या मळ्यात ७० पक्षी आहेत. गिरिराजा, ऱ्होड आयलंड रेड आणि त्यांचे गावरान संकर. अंडीही विकतो, कोंबडेही. सध्या १८ कोंबडे आहेत. शेड १० बाय १२ फुटांची. थंडी वाढली तशी चारही बाजूंनी ताडपत्री घट्ट बांधली, रात्री कोळशाची शेगडी ठेवली. तरी पक्ष्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं, घशात घरघर आहे, चार दगावले. अंडी निम्म्यावर आली. मुलगा म्हणतो, तुऱ्याला व्हॅसलीन लावा, हीटर बसवा. जानेवारीत वनराजाची १०० पिल्लं आणायची का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, शेगडी आजच्या आज बाहेर काढा. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू साठतो, आणि खाली भाताचं तूस असेल तर एक ठिणगी पुरते.

आता ताडपत्रीकडे वळू. अंगभर पिसं आलेल्या कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुलवून ती आत हवा धरून ठेवते, तीच तिची गोधडी. निफाडची थंडी ती सहज काढते. तिला सोसत नाही ती ओल. ७० पक्ष्यांचा श्वास आणि विष्ठा यांचा दमटपणा ताडपत्रीत कोंडला की तूस ओलं होतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. तुम्ही उभ्यानं वास घेता, म्हणून तो जाणवत नाही. पहाटे शेडमध्ये उकिडव्या बसा, कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर पक्ष्यांच्या डोळ्यांना पाणी का येतं ते कळेल. अमोनियानं श्वासनलिकेचं आतलं अस्तर दुखावतं आणि मग सीआरडीसारखे (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग) श्वासाचे आजार सहज शिरतात.

म्हणून पडदा खालून वर बांधा. खालचा भाग पूर्ण बंद, छपराखाली फूटभर फट कायम उघडी, कडाक्याच्या रात्रीसुद्धा. वारा अंगावर येत नाही आणि दमट हवा वरून निघून जाते. ऊन चढलं की पडदे पूर्ण खाली. ओलं तूस उचलून टाका, कोरडं चार-पाच इंच भरा आणि रोज दाताळ्यानं खालीवर करा. पाण्याच्या भांड्याभोवती सगळ्यात आधी गोळे होतात, तिथं हात घालून बघत जा. मुठीत दाबलेल्या तुसाचा लाडू वळला तर ते बदलायलाच झालं.

गर्दीही आहे. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तूस पसरून पक्षी ठेवताना, मोठ्या पक्ष्याला किमान दोन चौरस फूट जागा धरतात. तुमची शेड १२० चौरस फूट, म्हणजे ६० पक्षी. पैदाशीला दोन-तीन कोंबडे ठेवून बाकीचे विका. मार्गशीर्षात गिऱ्हाईक कमी असतं हे खरं, पण भाव थोडा पडला तरी चालेल, जागा मोकळी होऊ द्या. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर कार्तिकातच काढा. बसायला लोखंडी पाइप असेल तर तो बदलून रुंद, चपटी लाकडी पट्टी लावा. पोटाच्या पिसांखाली पाय झाकले जातात. गिरिराजा अंगानं जड, तिला दीड-दोन फुटांपेक्षा उंच पट्टी नको.

व्हॅसलीन आणि हीटर यांची आपल्याला गरज नाही. ते उपाय बर्फाळ देशांतले. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तुरे हिमदंशानं काळे पडत. ओका इथल्या मठातल्या ब्रदर विल्फ्रिड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांतक्लेर ही अंडी-मांस दोन्हीसाठीची जात तयार केली, तेव्हा तुरा आणि गळ्याखालची लोंबती कातडी मुद्दाम अगदी छोटी राखली. मला ही जात फार आवडते, कारण त्यांनी हीटर वाढवण्याऐवजी पक्षीच हवेला साजेसा घडवला.

अंडी घटण्याचं मोठं कारण दिवसाची लांबी. अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात आपल्याकडे जेमतेम ११ तास मिळतो. पहाटे साधा एलईडी दिवा लावा, आठवड्याला अर्धा तास वाढवत न्या. संध्याकाळी लावला तर तो विझताच पक्षी अंधारात पट्टी शोधत धडपडतात. लेयर खाद्य नेहमीचंच ठेवा, वर मावळतीला सगळ्यांत मिळून अर्धा किलो मका. जास्त नको, या जाती लगेच चरबी धरतात आणि अंडी आणखी कमी होतात. सकाळी टाकीतलं गार पाणी न देता विहिरीचं ताजं द्या, ते कोमट असतं.

घरघरीवर मनानं औषध सुरू करू नका. पुढचा पक्षी दगावला तर लगेच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, शवविच्छेदनात मानमोडी (राणीखेत रोग) की आणखी काही ते कळेल. एकदम बरेच मेले तर हात न लावता दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हापासून यात हयगय परवडत नाही.

पिल्लं मात्र जानेवारीत आणू नका. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. रात्री वीज गेली की ती एकमेकांवर चढून गुदमरतात. फेब्रुवारीच्या अखेरीस आणा. तेव्हाचे नर आखाडात, गटारीच्या आधी विक्रीला तयार होतात आणि तलंगा, म्हणजे तरुण माद्या, दिवाळीपर्यंत अंड्यावर आलेल्या असतात.