सेल्फीत नाक मोठं दिसतं म्हणून ऑपरेशन करून घेऊ का?

वय २१, दिवसाचे चार-पाच तास रील्समध्ये जातात, आणि स्वतःचं नाक बघून आता ग्रुप फोटोतही उभं राहावंसं वाटत नाही, असं तू लिहिलंयस. (तुला 'तू' म्हणते, चालेल ना? मी २७ ची, सांगलीची.) मी याच्याही पुढे गेले होते. घरात कुणाला न सांगता एका क्लिनिकमध्ये ऑपरेशनचा खर्च विचारून ठेवला होता.

मामाचा मारुती चौकात फोटो स्टुडिओ होता. २०१९ च्या पुरात पाणी शिरलं, तेव्हापासून नुसत्या लग्नाच्या ऑर्डरी घेतो. त्याच्यापुढे एकदा रडगाणं गायले. त्याने टेप काढली, मला भिंतीपाशी उभं केलं. एक फोटो माझ्याच मोबाईलने, फूटभरावरून. दुसरा पाच फुटांवरून, झूम करून, चेहरा तेवढाच येईल असा. पहिल्यात नाक बटाट्यासारखं आणि कान जवळजवळ गायब. दुसऱ्यात मी, आरशात दिसते तशी.

"अगं, कानापेक्षा नाक लेन्सच्या जवळ आहे. जवळचं मोठं दिसणारच की!"

अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचं गणितच मांडलंय: पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा १२ इंचांवरच्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आणि हे फुगलेलं नाक आपण ताडून बघतो कुणाशी, तर फिल्टरने बारीक केलेल्या नाकाशी!

ॲप काढून टाक असं मी सांगणार नाही. मी तीनदा काढलं, दोन दिवसांत परत घेतलं. खरी गोम अशी की नाकाच्या ऑपरेशनचे 'आधी-नंतर'वाले व्हिडिओ मी थांबून थांबून बघायचे, मग तेच ताटात पडायचं. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये आता सुचवण्या रीसेट करता येतात, त्या केल्या. पुढे आठवडाभर नुसत्या रांगोळ्या आणि बैलगाडा शर्यती. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायला लागले, तर आईला वाटलं माझं कुणाशी तरी बिनसलंय.

जेवण सुटलं असेल, आरशापुढून हलवत नसेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर मात्र टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, १४४१६ वर फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

ऑपरेशनचं म्हणशील, तर श्वासाला त्रास असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, तो वेगळा विषय. नाहीतर आधी मैत्रिणीला पाच फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने एक फोटो काढायला सांग. तोंड खिडकीकडे कर. डोक्यावरच्या ट्यूबलाईटखाली मामासुद्धा कुणाचा फोटो काढत नाही.