काम चोख आहे, पण 'एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स' कमी पडतो असं वरिष्ठ म्हणतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की टीम तुमचं ऐकते, पण संचालकांसमोर बोलायची वेळ आली की आवाज बसतो, आणि आता मूल्यमापनात 'प्रेझेन्स कमी' असा शेराही आलाय. 'प्रेझेन्स' म्हणजे तुमच्या वागण्या-बोलण्यातून वरिष्ठांना जाणवणारं वजन आणि विश्वास.

आधी शेरा देणाऱ्या व्यक्तीकडे परत जा आणि विचारा, "कोणत्या बैठकीत, काय बघून तुम्हाला असं वाटलं?" हा शेरा इतका मोघम असतो की तो तसाच घेऊन सुधारणा करताच येत नाही. खोदून विचारलं की बहुतेक वेळा काहीतरी पकडता येण्यासारखं निघतं. उत्तर फार लांबलं, शिफारस सांगायचीच राहिली, कुणी हरकत घेताच तुम्ही माघार घेतली, असं काहीतरी.

अर्थतज्ज्ञ सिल्व्हिया अ‍ॅन ह्यूलेट यांनी अमेरिकेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना प्रेझेन्समध्ये मुख्य काय, असं विचारलं होतं. ६७ टक्के लोकांनी व्यक्तिमत्त्वातलं वजन, म्हणजे दबावाखाली शांत राहणं आणि ठाम निर्णय घेणं, हे सांगितलं. २८ टक्के लोकांनी संवाद आणि फक्त ५ टक्के लोकांनी दिसणं. बढतीच्या चर्चांना मी अनेकदा बसले आहे आणि माझा अनुभवही हाच आहे. तिथे कुणाच्या आवाजाची पट्टी आठवली जात नाही. सिस्टिम बंद पडली तेव्हा "काय झालंय, काय करतोय, पुढची माहिती कधी देतो" एवढं शांतपणे कोणी सांगितलं, हे मात्र सगळ्यांना आठवतं.

म्हणून खरी तयारी बैठकीच्या आधीची. आत जाण्यापूर्वी एकच वाक्य लिहून काढा: या विषयावर माझी शिफारस काय? ते वाक्य सर्वांत आधी बोला. "रिलीज दोन आठवडे पुढे ढकलावं असं माझं मत आहे. कारणं दोन." कामात मुरलेल्या माणसांना पहिल्यापासून सगळी हकीकत सांगत निष्कर्षाकडे यायची सवय असते, आणि तिथवर पोचेपर्यंत ऐकणाऱ्याचा धीर सुटलेला असतो. मॅकिन्झी या व्यवस्थापन सल्लागार कंपनीत बार्बरा मिंटो यांनी सल्लागारांना हेच शिकवलं: निष्कर्ष आधी, आधार नंतर.

प्रश्न येतात तिथे खरी कसोटी लागते, तेव्हा सगळ्यात जास्त सराव त्याचा करा. प्रश्न पूर्ण ऐका, क्षणभर थांबा, मग पहिल्याच वाक्यात उत्तर द्या: हो, नाही, किंवा "हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, गुरुवारी देते." आणि गुरुवारी तो द्याच. कुणी विरोध केला तर लगेच मत बदलू नका आणि आवाजही चढवू नका. "तुमची हरकत खर्चाबद्दल आहे की वेळेबद्दल?" असं विचारा. विरोधाला नेमका आकार दिलात की चर्चेची सूत्रं आपोआप तुमच्याकडे येतात. आणि हरकत खरोखर योग्य असेल तर तसं स्पष्ट म्हणून मत बदला. त्याने वजन वाढतंच.

देहबोलीबद्दल थोडक्यात. 'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के' हे वाक्य प्रशिक्षणांत फार ऐकू येतं. ते आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले. ते भावना आणि आवड-नावड कशी पोचते याबद्दल होते, कामाच्या सादरीकरणाबद्दल नव्हते. छाती पुढे काढून उभं राहिल्याने संप्रेरकं बदलतात, हा २०१० मधल्या अभ्यासाचा दावाही पुढच्या मोठ्या प्रयोगात टिकला नाही, आणि त्याच्या एका लेखिकेने, डेना कार्नी यांनी, २०१६ मध्ये त्यावरचा विश्वास जाहीरपणे काढून घेतला. तेव्हा आरशासमोरचा वेळ वाचवा. आवाज बसण्यावर मात्र उपाय आहे: सावकाश बोला, वाक्याचा शेवट गिळू नका, आणि पहिली दोन वाक्यं आदल्या दिवशी मोठ्याने म्हणून बघा.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. काही ठिकाणी 'प्रेझेन्स नाही' याचा अर्थ 'आमच्यासारखा दिसत नाही, बोलत नाही' एवढाच असतो. बायकांना तर गप्प राहिलं तर 'दबलेली' आणि ठाम बोललं तर 'आक्रमक' असं दोन्हीकडून ऐकावं लागतं. नेमकं उदाहरण मागूनही कुणी देऊ शकत नसेल, तर दोष स्वतःत शोधत बसू नका. अशा वेळी तुमचं काम थेट पाहिलेला दुसरा एखादा वरिष्ठ शोधा आणि बढतीच्या चर्चेत तुमची बाजू मांडाल का, असं त्यांना सरळ विचारा.