न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : डेव्हिस हे केवळ लिंकन यांच्या मैत्रीमुळे न्यायाधीश झाले का?

उत्तर : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुरते हे बरेचसे खरे आहे. १८६० मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात अब्राहम लिंकन यांना अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवून देण्यासाठी सर्वाधिक खटपट डेव्हिस यांनीच केली होती आणि १८६२ मध्ये लिंकन यांनी त्यांची नेमणूक केली. परंतु त्याआधी इलिनॉयमधील ब्लूमिंग्टन येथे वकिली करून, राज्याच्या विधिमंडळात बसून, १८४८ पासून ते लोकांनी निवडून दिलेले मंडल न्यायाधीश, म्हणजे मंडलातील गावोगावी जाऊन खटले चालवणारे न्यायाधीश, होते. न्यायाधीश आणि वकील घोड्यावरून किंवा घोडागाडीतून गावोगावी एकत्रच फिरत व एकाच खाणावळीत उतरत. डेव्हिस यांना अन्य काम निघाले, तर कधीकधी ते लिंकन यांनाच न्यायासनावर बसवत.

प्रश्न : मिलिगन खटल्याचा निकाल इतका महत्त्वाचा का मानतात?

उत्तर : कारण तेथे मैत्रीचा मुलाहिजा ठेवला गेला नाही. लॅम्डिन मिलिगन हा इंडियानातील वकील. यादवी युद्धात, ऑक्टोबर १८६४ मध्ये, लष्कराने त्याला घरातून पकडले आणि कटाच्या आरोपावरून लष्करी आयोगाने, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या न्यायमंडळाने, त्याला फाशी सुनावली. तो सैनिक नव्हता, आणि इंडियानातील नागरी न्यायालयांचे कामकाज सुरळीत चालू होते. या दुसऱ्या मुद्द्यावरच डेव्हिस यांनी १८६६ चे निकालपत्र उभे केले : जेथे न्यायालये खुली आहेत, तेथे नागरिकाला लष्करी आयोगापुढे उभे करता येत नाही, आणि राज्यघटना युद्धातही राज्यकर्त्यांना तितकीच बांधून ठेवते. मिलिगनची सुटका नऊही न्यायमूर्तींना मान्य होती. मात्र असे आयोग नेमण्याचा अधिकार काँग्रेसलाही (अमेरिकेच्या संसदेलाही) नाही, हे पाचांनीच मानले. हे आयोग लिंकन यांच्याच राजवटीतले होते, म्हणून डेव्हिस यांच्या कारकिर्दीत मी या निकालाला पहिले स्थान देतो.

प्रश्न : १८७७ मध्ये त्यांनी न्यायासन का सोडले?

उत्तर : इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून दिले म्हणून. त्याच वेळी अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा निकाल ठरवण्यासाठी पाच न्यायमूर्ती धरून पंधरा जणांचा आयोग बसत होता आणि कोणत्याच पक्षाचे न मानले जाणारे डेव्हिस त्यातील पाचवे न्यायमूर्ती होतील, अशी सर्वांची अपेक्षा होती. त्यांनी ती जागा नाकारली, तेथे रिपब्लिकन विचारांचे न्यायमूर्ती जोसेफ ब्रॅडली आले आणि सारे कळीचे निर्णय आठ विरुद्ध सात मतांनी रिपब्लिकन उमेदवार रदरफर्ड हेज यांच्या बाजूने लागले. डेव्हिस यांना सिनेटसाठी मते देणाऱ्यांत विरोधी डेमोक्रॅट होते, आणि अध्यक्षपदासाठी हरला तोही डेमोक्रॅटांचाच उमेदवार.