आईच्या डोक्यातली जट कापायची आहे, पण देवऋषी म्हणतो देवी कोपेल. काय करू?

तुम्ही लिहिलंय की जत तालुक्यातल्या तुमच्या गावी आईच्या डोक्यात तीन वर्षांपासून जट आहे, मान धरते, देवऋषी दर पुनवेला परडी भरायला लावतो आणि 'कापलीस तर घरातला कर्ता माणूस जाईल' म्हणतो. जट कापता येते आणि कापल्यानं कुणी मरत नाही. मात्र कात्री चालवणं हा या कामातला सोपा भाग आहे.

माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात आणि विंचरताना निघून जातात. बाळंतपण, लांबलेलं दुखणं किंवा मनाची उदासी यात वेणीफणी थांबली की गळालेले केस आतच अडकतात. त्यात तेल, घाम, कोंडा, उवा. गुंता दिसला की कुणीतरी 'यल्लम्मानं धरलंय' म्हणतं, डोक्यावरून न्हाणं बंद होतं, वर भंडारा-कुंकू पडायला लागतं आणि सगळं घोंगडीसारखं घट्ट बसतं. म्हणजे जट वाढवतो तो देवऋष्याचा उपायच. डॉक्टरी भाषेत याला 'प्लायका पोलोनिका' म्हणतात. हे नाव पोलंडवरून पडलं, कारण एकेकाळी तिथं जटा सर्रास होत्या आणि कापल्या तर माणूस आजारी पडतो, ही भीतीही होती. १९ व्या शतकात क्राकोव्हच्या युझेफ डीट्ल या डॉक्टरानं ती समजूत खोडून काढायला बरीच खटपट केली. तिथं ना यल्लम्माचं देऊळ असलेली सौंदत्ती होती, ना यल्लम्मा.

आता धमकीकडे बघा. 'कर्ता माणूस जाईल', पण कधी? ते तो सांगत नाही. मुदत नसलेला शाप कधी खोटा ठरत नाही. पाच वर्षांनी कुणी गेलं तरी खातं जटेच्या नावावर. पुनवेचं उत्पन्न याच भीतीवर चालतं. पण दुसरी बाजू तुमच्या लक्षात आली नसेल. जट आल्यावर बायका आईच्या पाया पडत असतील, मंगळवार-शुक्रवारी तिला कुणी कामाला लावत नसेल, घरात तिच्यावर हात उचलायला कुणी धजत नसेल. कित्येक बायकांना आयुष्यात मिळालेला पहिला मान तोच असतो. म्हणून 'अंधश्रद्धा आहे, सोड' म्हटल्यावर त्या चिडतात. जट गेल्यावर तो मान कुठून येणार, हे आधी घरात बोला. वडिलांशी जास्त बोला.

जबरदस्तीनं किंवा झोपेत कापू नका. तो गुन्हाही आहे, आणि नंतर साधी शिंक आली तरी ती देवीच्या माथी जाईल. शक्य असेल तर जट काढलेल्या एखाद्या बाईशी आईची गाठ घालून द्या. ती बाई धडधाकट बसलेली दिसली की निम्मं काम होतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते सातारा-सांगली भागात हेच काम करतात, त्यांना गाठा. देवीबद्दल वाकडं बोलू नका. आईला उदबत्ती लावून हात जोडायचे असतील तर जोडू द्या.

कापण्याच्या आठवडाभर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासून कागद घरात ठेवा. ही पायरी लोक गाळतात. आधीपासूनचा रक्तदाब जट काढल्यावर सापडला की गावभर 'बघा, कोपली' होतं.

काही आठवड्यांचाच गुंता असेल तर खोबरेल रात्रभर मुरवून टोकाकडून बोटांनी सोडवता येतो. तीन वर्षांची जट सुटत नाही. ती कापण्याआधी भिजवूही नका. पाणी पिऊन जड होते आणि मुळं ओढली जातात. घरातली लहान कात्री चालत नाही, शिंप्याची मोठी घ्या, हातमोजे घाला. टाळूजवळ बोट किंवा कंगवा सरकवण्याइतकी जागा बहुतेक सापडते. कंगवा टाळूवर आडवा धरायचा आणि त्याच्या वरून, कडेनं सुरुवात करून, थोडं थोडं कापायचं. ओढायचं नाही, वस्तरा लावायचा नाही. खाली जखम, पू किंवा अळ्या दिसल्या तर तिथंच थांबून दवाखाना गाठा. उवांसाठी रॉकेल नको. एक टक्का परमेथ्रिन लोशन दहा मिनिटं ठेवून धुवायचं आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावायचं. डोकं एकदम हलकं वाटणं, थोडे दिवस मान अवघडणं हे होणारच. आईला ते आधीच सांगून ठेवा. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. कापलेली जट आईला वाटेल तिथं पुरू द्या, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. झोप उडाली, भीती जाईना तर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनवर मराठीत बोलता येतं.

देवऋषी घरी येऊन दमदाटी करू लागला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला आणि त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच तो आधी वटहुकूम म्हणून आला. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून भीती घालणं, न ऐकल्यास वाईट होईल अशी धमकी देणं त्यात बसतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूजा, वारी, भजन-कीर्तनाला तो हात लावत नाही, हे भावकीला मुद्दाम सांगा. कोण, कधी, किती पैसे मागून गेला याची तारीखवार नोंद ठेवा, फोनवरची धमकी जपून ठेवा. गावकीनं वाळीत टाकलं तर सामाजिक बहिष्काराचा २०१६ चा कायदा वेगळा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शेवटी लिहिलंय की धाकट्या बहिणीच्या केसांतही गुंता होतोय. तिचे केस आजच सोडवा. देवऋष्यानं तिला देवीला सोडायचं, गळ्यात मणी बांधायचे असं नुसतं सुचवलं असेल, तरी जटेचं राहू द्या आणि आधी १०९८ (मुलांसाठीची मदत) किंवा ११२ (पोलीस) ला फोन करा. देवदासी म्हणून मुलगी वाहणं हा राज्यात गुन्हा आहे.