उबुंटूत आलं की माउस ओळख विसरतो

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. विंडोजमध्ये ब्लूटूथ माउस जोडला की उबुंटूत तो चालत नाही, पुन्हा पेअर करावा लागतो. मग विंडोजमध्ये तीच रड. माउस बिघडलाय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : माउस धडधाकट आहे. पेअर करताना माउस आणि संगणक आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात. तुमच्या दोन्ही सिस्टिम एकाच ब्लूटूथ चिपवर चालतात, म्हणून माउसच्या लेखी संगणक एकच. नवी किल्ली आली की तो जुनी पुसतो, आणि उबुंटू बिचारं जुनीच फिरवत बसतं.

माउसच्या पोटाशी १-२-३ असं बटण असेल तर सुटलात : १ वर विंडोज, २ वर उबुंटू. नसेल तर आधी उबुंटूत, मग विंडोजमध्ये पेअर करून विंडोजच्या रजिस्ट्रीतली (म्हणजे तिच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) किल्ली उबुंटूच्या ब्लूटूथ फोल्डरात, त्या माउसच्या ‘इन्फो’ फाइलीत उतरवायची. काम किचकट, एक अक्षर चुकलं तरी जोडणी होत नाही.

मी सरळ यूएसबी रिसीव्हरवाला माउस वापरतो. त्याची जोडणी रिसीव्हरमध्येच साठते, सिस्टिम कुठलीही असो. फक्त रिसीव्हर यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कशेजारी खोचू नका. तिच्या केबलचा गोंगाट माउसच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींमध्ये शिरतो आणि पॉइंटर अडखळतो.